वीटभट्टीचे निळे

चष्मेवाल्यानं तिसरी पिशवी कापली, आतलं पीट पांढऱ्या टबात पसरलं आणि रात्रभर गार करून ठेवलेलं पाणी कडेकडेनं सोडलं. तपकिरी भुसा आधी तरंगला, मग भिजून चिमूट चिमूट तळाशी जायला लागला. त्यानं घड्याळ पाहिलं, स्टूल ओढलं आणि टॉर्च तिरपी धरून टबावर वाकला. सकाळचे साडेसात झाले होते. दुकान दहाला उघडायचं, आणि काही व्हायचं असलं तर तेवढ्या वेळात होऊन जायला हवं होतं.

पहिली पिशवी गेल्या महिन्यात वाया गेली होती, दुसरी गेल्या आठवड्यात. ही तिसरी. चौथी घरात नव्हती.

किली हे डबक्यातले मासे. डबकं भरलं की जन्मायचं, पाच-सहा महिन्यांत मोठं व्हायचं, रंग मिरवायचे, भांडायचं, चिखलात अंडी पेरायची आणि डबकं आटलं की मरून जायचं. अंडी तेवढी सुकत्या चिखलात पडून राहतात, पुन्हा पाणी येईपर्यंत. घरी पाळायचे तर डबक्याचं काम आपल्यालाच करावं लागतं. पीट म्हणजे कुजलेल्या शेवाळाची भुसभुशीत माती. अंडी पडलेलं पीट गाळायचं, मुठीत दाबायचं, चोथ्याइतकं ओलसर ठेवून पिशवीत बांधायचं, वर तारीख घालायची आणि चार महिने त्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मग पाणी. तासा-दोन तासांत टबात डोळ्यांच्या जोड्या पोहायला लागतात. बाकी अंग इतकं पारदर्शक की आधी डोळेच दिसतात. शेजारी हसायचे, मेहनत बारमाही आणि मासा सहामाही. बायको म्हणायची, तेरड्याचा रंग तीन दिवस, तुमच्या माशांचा थोडा जास्त, एवढंच.

साडेनऊपर्यंत एकही डोळा दिसला नाही. त्यानं चिमट्यानं अंडी वेचून काचेवर ठेवली आणि दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. चांगलं अंडं मधाच्या थेंबासारखं असतं. ही पांढरी होती, काहींवर बुरशी चढलेली. मागच्या हंगामात त्यानं पिटाचं नवं पोतं आणलं होतं, आणि त्यात झाडांसाठी खत मिसळलंय हे पोत्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं. लोकांना बारीक अक्षरं दिसावीत म्हणून तीस वर्षं चष्मे करणाऱ्या माणसानं तेवढं वाचलं नव्हतं. तिन्ही पिशव्या त्याच पोत्यातल्या. शेवटचा म्हातारा नर तीन आठवड्यांपूर्वीच टाकीच्या तळाशी आडवा झाला होता.

बायको चहा घेऊन आली. टबात बघायची तिला गरज पडली नाही, नवऱ्याची मान बघूनच कळलं.

"मास्तरांकडे दिली होती ना एक पिशवी?" ती म्हणाली. "त्यांच्याकडून आणा की. बारा वर्षं सांभाळलंत, आता एका फेरीला कशाला लाजता?"

तो निवलेल्या चहावर फुंकर मारत बसला.

हे मासे, वीटभट्टीचे निळे, त्यानं स्वतः शोधले होते. शहराबाहेरच्या वीटभट्टीमागे एक खड्डा होता, त्यात गुडघाभर चिखलात उतरून. अंग निळं, शेपटीच्या कडेला विटेच्या रंगाची एक रेघ. पुढं भट्टी बंद पडली, खड्ड्यात राडारोडा पडला आणि वर गाड्या उभ्या करायची जागा झाली. तेव्हापासून हे मासे जगात एकाच ठिकाणी उरले, त्याच्या मागच्या खोलीत. किली पाळणाऱ्यांचं एक लहानसं मंडळ होतं, दहा-बारा डोकी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अध्यक्षांच्या गॅरेजात जमायची. अध्यक्ष पोस्टातून निवृत्त झालेले. कुणी नवा माणूस आला की ते आधी चष्मेवाल्याकडे बोट दाखवायचे, वीटभट्टीचे निळे यांच्याकडे, आणि फक्त यांच्याकडे. ते बोट त्याला फार आवडायचं. संसारात, धंद्यात कुणी त्याच्याकडे असं बोट दाखवलं नव्हतं.

शिंप्याला या नादाला लावलं ते त्यानंच. चार रस्ते ओलांडून शिंप्याचं दुकान. सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून हाही म्हणे, आणि मास्तर ह्याला दादा म्हणत. शिकवतो मी आणि मास्तर हा, असा विनोद तो पहिली दोन वर्षं करायचा. मग शिंप्याचे मासे त्याच्या माशांपेक्षा चांगले निघायला लागले आणि विनोद बंद झाला. शिंप्याच्या हाताला घाई नव्हती, आणि मासा मेला की तो आधी आपलं काय चुकलं ते शोधायचा. एका सभेत अध्यक्ष म्हणाले की एक वाण एकाच घरात ठेवू नये हा आपला पहिला नियम, तो दादांनाही लागू आहे. दादांनी निळ्यांची एक पिशवी राखीव म्हणून मास्तरांकडे द्यावी, मंडळात सगळ्यांत भरवशाचा हात त्यांचाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यानंही वाजवल्या. भरवशाचा हात. घरी पोचेपर्यंत त्यानं ते दोन शब्द मनात दहादा म्हणून पाहिले.

पिशवी मात्र त्यानं प्रामाणिकपणे बांधली. भिंगाखाली निवडून चाळीस अंडी, सगळी मधाच्या रंगाची. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी ती न्यायला येणार होता. त्या सकाळी काउंटरवर काचेच्या वाळूचं पातेलं तापत होतं. चष्म्याची प्लास्टिकची दांडी कानामागे वाकवायची तर आधी ती गरम वाळूत खुपसावी लागते. साध्या वाळूनं चरे पडतात म्हणून त्याच्याकडे खसखशीएवढे गोल काचमणी होते. फ्रेम घेऊन येणारं गिऱ्हाईक आलं नाही. पातेलं तापलेलं होतं आणि पिशवी शेजारीच होती. त्यानं ती उचलून मण्यांवर ठेवली, कडेनं वर थोडे मणी लोटले आणि एका जुन्या चष्म्याचे स्क्रू आवळत बसला. वीस मिनिटं. प्लास्टिकचा वास आला तेव्हा पिशवी काढली, बुडाला चिकटलेले मणी नखानं झाडले, गार होऊ दिली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. शिंपी आला तेव्हा त्यानं त्याला बजावूनसुद्धा सांगितलं, चार महिने कागद काढायचा नाही, उजेड लागता कामा नये. शिंप्यानं पुडी दोन्ही हातांनी घेतली.

या गोष्टीला चौदा महिने झाले. त्यानं ती कुणाला सांगितली नव्हती. खरं तर स्वतःलाही कधी नीट शब्दांत सांगितली नव्हती. चार-पाच महिन्यांनी शिंपी मंडळात यायचा बंद झाला. लोकांनी चौकशी केली, धंदा वाढला असेल म्हणाले. चष्मेवाल्यानं चौकशी केली नाही. खाई त्याला खवखवे.

चहा संपवताना मात्र एका विचारानं त्याला धरलं. वाळूचा ताव बाहेरून लागतो. पिटाच्या गाभ्यातली आठ-दहा अंडी वाचलीही असतील. किलीचं अंडं चिवट. पहिल्या पाण्याला उठलं नाही तर दुसऱ्याला उठतं, कधी वर्ष-दीड वर्ष दम धरतं. एक जोडी निघाली तरी पुरे. आपलं पाप अर्धवट राहिलेलं असू दे, अशी आशा धरून कुणी घराबाहेर पडल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. पण तो निघाला तो अशीच आशा धरून.

शिंपी कापडावर खडूनं रेघा मारत होता. ह्याला दारात बघितलं आणि खडू तिथंच थांबला. पूर्वी भिंतीकडेला सात टाक्या असायच्या. आता एकच होती, आणि तिच्यात पाणी नव्हतं. दोऱ्याची रिळं होती, रंगांप्रमाणे लावलेली. चष्मेवाला बोलता बोलता तिकडेच बघत राहिला. पोत्यातल्या खताचं त्यानं सांगितलं, तिन्ही पिशव्या गेल्याचं सांगितलं, म्हाताऱ्या नराचंही सांगितलं. आता मास्तरांकडे दिलेली काय ती राहिली, एवढं बोलून तो थांबला.

शिंप्यानं खडू खाली ठेवला. इस्त्रीचं बटण बंद केलं; ते बंदच होतं. मग मशीनच्या खणातून वर्तमानपत्राची घडी काढली आणि तिच्यातून ती पिशवी.

"दादा, ही माझ्या हातून मेली," तो म्हणाला.

मग खाली बघत त्यानं सगळं सांगितलं. पुडी इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर ठेवली होती. तिथं उबदार असतं, बरंच होईल, असं वाटलं. चार महिन्यांनी तारखेला कागद काढला तर पिशवीचं बूड वितळलेलं. कधीतरी घाईत इस्त्री उभी करून ठेवताना तिला लागली असणार, दुसरं काय. तरी पाणी ओतलं. एक पिल्लू निघालं नाही, अंडी सगळी पांढरी. पीट पुन्हा सुकवलं, महिन्यानं पुन्हा ओतलं. तीनदा ओतलं. ही म्हणत होती, इस्त्री लागली तर वरचा कागद कसा करपला नाही; मी म्हटलं, कागद दम धरतो, प्लास्टिक धरत नाही. त्यानंतर घरात मासे बघवेनात. टाक्या वाटून टाकल्या. मंडळात यायला तोंड नव्हतं. तुमच्या दुकानावरून जायला नको म्हणून कापड आणायला लांबच्या रस्त्यानं जातो, हेही त्यानं सांगितलं.

"बघा," त्यानं पिशवी उलटी केली आणि बुडावरून अंगठा फिरवला. "इथं लागली इस्त्री. हे खडे कसले चिकटलेत ते मात्र कळलं नाही. टेबलाचा रंग असेल."

अंगठा फिरतच राहिला. दहा महिने तो त्या जागेवरून किती वेळा फिरला असेल ते दिसत होतं; तेवढीच जागा गुळगुळीत झाली होती. पाच-सहा मणी होते. गोल, पारदर्शक. चष्मेवाल्याला ते चष्म्याशिवायही ओळखू आले असते.

बोलायची वेळ तीच होती. हे त्याला कळत होतं, शब्दही जिभेवर आले होते. पण समोरचा माणूस मान खाली घालून शिक्षेची वाट बघत उभा होता, आणि चष्मेवाल्याच्या तोंडून आलं ते भलतंच.

"असू दे, मास्तर. होतं असं कधीकधी. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

शिंप्याचे डोळे भरून आले. त्यानं ह्याचा हात धरला आणि नाक ओढत, आवाज न करता रडला. आतून त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला तो म्हणाला, बघ, दादा एका शब्दानं बोलले नाहीत. ती ह्याच्याकडे बघत राहिली. भावजी, म्हणाली, गेले दहा महिने हे धड जेवले नाहीत हो, तुमच्यासारखं मन सगळ्यांचं नसतं. चष्मेवाल्यानं तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. करून सवरून नामानिराळा म्हणतात, हा तर त्याच्याही पुढं गेला होता. करून सवरून माफी देऊन बसला होता.

निघताना त्यानं पिशवी मागितली. टाकून देतो म्हणाला, कशाला डोळ्यांसमोर ठेवायची. शिंप्यानं ती दिली नाही.

मंडळाची एक वही होती. एखादा वाण संपला की ज्याच्या हातून तो संपला त्यानं सगळ्यांसमोर वहीत वाणाचं नाव लिहायचं, तारीख लिहायची, खाली 'माझ्या हातून गेले' एवढंच लिहायचं आणि सही करायची. कुणी रागवायचं नाही, कुणी सबब सांगायची नाही. शिंपी म्हणाला, येत्या रविवारी मी येतो आणि लिहितो. दादांच्या पिशव्या खतानं गेल्या त्याला दादा तरी काय करणार. पण अशाच वेळेसाठी राखीव म्हणून माझ्याकडे दिली होती. ती जगली असती तर वाण जगला असता. एकदा लिहून मोकळा होतो.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा चष्मेवाला म्हणाला, मास्तरांकडची इस्त्रीनं गेली. हे वाक्य इतकं सहज तोंडातून निघालं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

"इस्त्रीनं?" ती म्हणाली. "मास्तर पिशवी घेऊन गेले त्याच दिवशी तुमच्या मण्यांत प्लास्टिक चिकटलं होतं. मला वाटलं, कुणाची फ्रेम जळाली. मीच चाळून धुऊन दिले होते."

तो म्हणाला, फ्रेमच असेल. ती म्हणाली, असेल. आणि सदऱ्याची बाही दुमडून घडी पूर्ण केली. त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. जेवण वाढलं, दिवे मालवले, गिऱ्हाइकांचे निरोप दिले, त्यात कुठं कमी केलं नाही. भांडणारी बायको परवडली, असं त्याला त्या आठवड्यात दोन-तीनदा वाटलं.

तो दोनदा शिंप्याकडे जायला निघाला. एकदा दुसऱ्या रस्त्यापर्यंत गेला, एकदा तिसऱ्या. काय बोलायचं ते मनात पाठ होतं, मास्तर, ती इस्त्री नव्हती. एवढंच तर होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य यायचं, मग काय होतं, दादा, आणि का केलंत. त्याचं उत्तर त्याच्याकडे होतं आणि ते इतकं क्षुद्र होतं की भर रस्त्यात त्याचे कान तापायचे. टाळ्या वाजवल्या म्हणून. दुसऱ्याला भरवशाचा म्हटलं म्हणून. परत येऊन तो रिकाम्या टाकीच्या काचा पुसायचा.

शनिवारी दुपारी शिंपीच दुकानात आला. चष्मा हातात होता, एका दांडीला काळा दोरा गुंडाळलेला. शिंप्याचा चष्मा म्हणून शिवून घेतलाय, म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी त्यानं विनोद केला होता. उद्या सगळ्यांसमोर लिहायचंय, चष्मा नाकावरून घसरतो, तुमच्याकडे यायचं टाळत होतो म्हणून तसाच चालवला. आता काय टाळायचं. आजवर तो चष्मा टाकून जायचा आणि संध्याकाळी न्यायचा. समोर उभं राहून करून घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ.

पातेलं बिघडलंय असं सांगावं, हे चष्मेवाल्याच्या मनात आलं. पण पातेल्याचा दिवा लागलेला होता आणि बायको आतल्या दारात उभी होती. त्यानं दोरा कापला, चष्मा घेतला आणि दांडी मण्यांत खुपसली. दोन-चार मणी नेहमीसारखे काउंटरवर सांडले.

चष्म्याशिवाय शिंप्याला जवळचं दिसत नव्हतं. तो काउंटरवर रेलून उभा होता, उद्या अध्यक्ष काय म्हणतील त्याबद्दल काहीतरी बोलत होता, आणि त्याचा हात सवयीनं काउंटरच्या लाकडावरून फिरत होता, कापड चाचपावं तसा. सांडलेले मणी बोटाला लागले. बोलता बोलता त्यानं ते अंगठ्याखाली घेतले. अंगठा एकदा फिरला. पुन्हा फिरला. मग त्याचं बोलणं थांबलं आणि अंगठा तेवढा फिरत राहिला.

"हे काय आहे, दादा?"

"काचेची वाळू. साध्या वाळूनं चरे पडतात."

शिंप्यानं तळहात पातेल्याच्या कडेजवळ नेला.

"किती तापते ही?"

चष्मेवाल्यानं दांडी बाहेर काढली, बोटांनी वाकवली, ओल्या फडक्यात धरली. नजर वर केली नाही.

"प्लास्टिक मऊ पडेल इतकी," तो म्हणाला.

त्यानं चष्मा शिंप्याच्या डोळ्यांवर चढवला, कानांमागून दांड्या दाबून बघितल्या. शिंप्याचे कान गार होते. कुठं टोचतंय का, असं विचारलं. शिंप्यानं मान हलवली, नाही. मग चष्म्यातून त्यानं आधी पातेल्याकडे बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडे. रुमाल काढून अंगठा पुसला, रुमालाची घडी नीट खिशात ठेवली आणि येतो न म्हणता गेला. चष्मेवाला काचेतून बघत राहिला. माणूस वळून बघेल, परत येईल, शिव्या देईल, असं त्याला वाटत होतं. शिंपी नाक्यापर्यंत सरळ चालत गेला आणि वळला. आतल्या दारात आता कुणी नव्हतं.

रविवारी गॅरेजात अकरा माणसं होती. अध्यक्षांनी मधल्या टेबलावर वही ठेवली, पेन ठेवलं आणि थोडक्यात सांगितलं, बारा वर्षांचा वाण आज वहीत जातोय, मास्तर स्वतः आले, याला धैर्य लागतं. मंडळातल्या नर्सबाईंनी शिंप्यासाठी खुर्ची पुढं सरकवली. सगळ्यांनी त्याच्याशी मायेनं बोलायचं ठरवून ठेवलेलं दिसत होतं. चष्मेवाला समोरच बसला होता. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, नीट जा. दुसरं काही म्हणाली नव्हती.

शिंप्यानं पिशवी खिशातून काढून टेबलावर ठेवली. पेन उचललं, वही उघडली, रिकामं पान काढलं. मग वही उलटी फिरवून चष्मेवाल्यासमोर सरकवली.

"दादा लिहितील. त्यांचं अक्षर चांगलं आहे."

अध्यक्ष म्हणाले, नियम तसा स्वतःच्या अक्षराचा आहे. पण शिंप्याचा चेहरा बघून त्यांनीच हातानं चालेल अशी खूण केली. चष्मेवाल्यानं पेन घेतलं. वाणाचं नाव लिहिलं. खड्डा कुठं होता ते लिहिलं, कोणत्या वर्षी सापडला ते लिहिलं, आजची तारीख घातली. मग सगळ्या पानांवर जे होतं तेच खाली लिहिलं, माझ्या हातून गेले. अक्षर खरंच चांगलं आलं. उद्या कुणी हे पान उघडलं तर मास्तरांसाठी दादांनी लिहून दिलं, असंच म्हणणार. त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच त्याला शिसारी आली. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि वही सहीसाठी शिंप्याकडे फिरवली.

मागून कुणीतरी शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवला. असू दे, मास्तर, होतं असं, तो माणूस म्हणाला. शिंप्यानं मान डोलावली. चष्मा नाकावर अगदी घट्ट बसला होता. त्यानं ओळीखाली बोट ठेवून सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग पिशवी उचलली, उलटी केली आणि बूड वर येईल अशी पानावर, सहीच्या जागेशेजारी ठेवली. दिव्याच्या उजेडात मणी लकाकत होते. वही, पिशवी आणि पेन, तिन्ही त्यानं परत टेबलापलीकडे सरकवली.

"बरोबर लिहिलंय, दादा," तो म्हणाला. "सही तेवढी राहिली."

गॅरेजात कुणाला काही उमगलं नाही. अध्यक्षांनी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, म्हणजे? त्या दिवशी आपल्या दुकानात शिंपी मान खाली घालून उभा होता. आज तो सरळ चष्मेवाल्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात राग नव्हता. तो थांबला होता. अहो, सही तुमची, असं हसून म्हणणं अजून शक्य होतं. ते वाक्यही तयार होतं, आणि बाकीच्या सगळ्यांनी ते मानलं असतं.

चष्मेवाल्यानं पेनाचं टोपण काढलं.